नऊचे आठ: महायुद्धात दोन फुटबॉल संघांचा एक संघ कसा झाला

२०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान तणावामुळे आयपीएल आठवडाभर थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा काही परदेशी खेळाडू परतलेच नाहीत, म्हणून मंडळाने संघांना हंगामापुरते बदली खेळाडू घेण्याची मुभा दिली. या बदली खेळाडूंना पुढच्या वर्षी संघात कायम ठेवता येणार नाही, अशी अटही घातली. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने तोडगा सुचवला, "तळाच्या दोन टीम जोडून टाका ना, अकरा तरी धड होतील!" सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले.

हसण्यासारखंच होतं, पण हे एकदा खरोखर झालेलं आहे. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगचा, म्हणजे एनएफएलचा, १९४३ चा गुणतक्ता उघडला तर त्यात 'फिल-पिट' असं विचित्र नाव दिसतं. फिलाडेल्फिया ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स हे एकाच राज्यातले दोन संघ त्या वर्षापुरते एक झाले होते. लोक त्यांना 'स्टीगल्स' म्हणायचे. अर्धे स्टीलर्स, अर्धे ईगल्स. हे नाव पिट्सबर्गच्या एका वर्तमानपत्राचे क्रीडा संपादक चेट स्मिथ यांनी पाडलं, आणि अधिकृत नाव मागे पडून तेच टिकलं.

हे का झालं, कसं चाललं आणि पुढच्याच वर्षी केलेली तशीच जोडणी का आपटली, ते पाहू.

आधी, हा फुटबॉल कोणता?

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू अंडाकृती असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो. मैदानावर अकरा विरुद्ध अकरा. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर, पुढे सरकायचं असतं. जमलं तर आणखी चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांना. समोरचे अर्थातच अंगावर येतात.

कबड्डीशी ताडून पाहिलं तर लवकर कळतं. चढाई करणारा निसटायला बघतो, पकड करणारे त्याला लोळवायला बघतात. कबड्डीत तेच सात जण चढाईही करतात आणि पकडही. त्या काळी अमेरिकन फुटबॉलही असाच होता. आज आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे असतात, तेव्हा एकच गडी दोन्हीकडे राबायचा. त्यामुळे एक गडी कमी झाला की खरं तर दोन कमी व्हायचे.

माणसं गेली कुठे?

सैन्यात. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा १९४० पासूनच होता. गावोगावच्या भरती मंडळांनी तरुणांची वर्गवारी केली होती. 'वन-ए' म्हणजे ठणठणीत, केव्हाही बोलावणं येईल. 'फोर-एफ' म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या नापास. लेकुरवाळ्या बापांना सुरुवातीला सूट होती. १९४३ च्या ऑक्टोबरपासून त्यांचाही नंबर लागू लागला.

आता विचार करा, विशीतले, धिप्पाड, धावणारे-ढकलणारे पुरुष कुठे एका जागी सापडतील? फुटबॉल संघात. भरती मंडळांना आयतीच यादी मिळाली. नवीन खेळाडू यायचे ते कॉलेजांतून, पण तिथेही नौदलाने प्रशिक्षणवर्ग उघडले होते. त्यातली मुलं कॉलेजच्या संघातून खेळू शकत, व्यावसायिक संघातून नाही. म्हणजे धरणातून विसर्ग चालू आणि वरून पाऊस बंद.

१९४३ च्या उन्हाळ्यात स्टीलर्सकडे करारबद्ध खेळाडू उरले होते सहा. अकराच्या खेळाला सहा. ईगल्सकडे सोळा होते. लीगने संघाची कमाल संख्या ३३ वरून २८ वर आणली, पण सहा जणांच्या संघाला त्याचा काय उपयोग?

जे गेले ते सगळे परत आले नाहीत. लीगशी संबंधित वीसहून अधिक माणसं या युद्धात मारली गेली. न्यूयॉर्क जायंट्सचा जॅक लमस १९४५ मध्ये इवो जिमा बेटावर पडला. त्याला मरणोत्तर अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. सहा खेळाडू उरले, या वाक्याची दुसरी बाजू ही आहे.

मग लीग बंदच का ठेवली नाही?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. जग पेटलंय आणि तुम्ही चेंडू खेळताय? याचं उत्तर बेसबॉलने आधीच मिळवून ठेवलं होतं. जानेवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवलं होतं, की खेळ चालू राहणं देशाच्या भल्याचं आहे. लोक जास्त तास राबणार आहेत, त्यांना विरंगुळा हवा. मात्र वयात बसणाऱ्या खेळाडूंनी सैन्यात गेलंच पाहिजे. फुटबॉलच्या मालकांनी तोच धागा पकडला.

क्लीव्हलंड रॅम्सने मात्र १९४३ पुरतं खरंच दुकान बंद केलं. दहातला एक संघ गेला, नऊ उरले. आणि इथून खरी भानगड सुरू झाली.

नऊ संघांनी काय बिघडतं?

सोसायटीतली कॅरम स्पर्धा भरवणाऱ्या कोणालाही विचारा. विषम संख्या आली की दर फेरीत कुणीतरी रिकामं बसतं. इथे रिकामं बसणं म्हणजे त्या रविवारी तिकीटविक्री नाही. शिवाय लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट होते. नऊचे दोन समान गट कसे पाडणार? आठ झाले की चार-चार, चोख.

म्हणजे विलीनीकरणाला दोन कारणं होती. एका संघाकडे माणसं नव्हती आणि लीगला सम आकडा हवा होता. पहिलं कारण सगळे सांगतात. माझ्या मते दुसरंही तितकंच वजनदार होतं, कारण पुढच्या वर्षीची जोडणी याच दुसऱ्या कारणातून झाली.

स्टीलर्सचे मालक आर्ट रूनी आणि बर्ट बेल यांनी ईगल्सचे मालक ॲलेक्सिस थॉम्पसन यांच्याकडे शब्द टाकला. हे एकमेकांना चांगले ओळखत होते. दोनच वर्षांपूर्वी, १९४१ मध्ये, त्यांनी चक्क आपापली शहरं अदलाबदल केली होती! (तो किस्सा सांगत बसलो तर हा लेख तिथेच संपेल.) थॉम्पसन स्वतः सैन्यात होते आणि त्यांचं फारसं अडलेलं नव्हतं, त्यामुळे अटी त्यांच्या. संघाचा मुक्काम फिलाडेल्फियात, रंग ईगल्सचा हिरवा-पांढरा. घरच्या सहा सामन्यांतले चार फिलाडेल्फियात, पिट्सबर्गला दोन.

१९ जून १९४३ रोजी मालकांच्या बैठकीत हा प्रस्ताव ५ विरुद्ध ४ मतांनी कसाबसा मंजूर झाला. शिकागोच्या बेअर्स आणि कार्डिनल्स यांना जोडण्याचाही विचार होता, तो बारगळला. बेअर्स आधीच दांडगे, त्यांना आणखी खेळाडू कोण देणार? आणि स्टीगल्सवरही एक अट होतीच. हंगाम संपला की संसार मोडायचा. मला ही अट सगळ्यात शहाणपणाची वाटते. कायमचं म्हटलं असतं तर कुणाचं नाव, कुणाचं मैदान, कुणाची मालकी यावर वर्षभर भांडण झालं असतं. वर्षाचाच सवाल आहे म्हटल्यावर माणूस हिरवी जर्सीही घालतो.

दोन संघ जोडले म्हणजे खेळाडूंची बेरीज, इतकंच ना?

नाही. खेळाडूंची बेरीज सोपी होती, कारभाऱ्यांची अवघड.

ईगल्सचे प्रशिक्षक होते 'ग्रीझी' नील, स्टीलर्सचे वॉल्ट कीसलिंग. दोघांनाही मुख्य प्रशिक्षक ठेवलं, कुणालाच दुय्यम केलं नाही. दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. शेवटी वाटणी झाली: आक्रमण नील बघणार, बचाव कीसलिंग. सासू-सुनेने ओटा आणि देव्हारा वाटून घ्यावा तसं.

त्यात खेळण्याची पद्धतही वेगळी. स्टीलर्सची सवय जुन्या 'सिंगल विंग' रचनेची. तीत चेंडू मागे काही पावलांवर उभ्या गड्याकडे फेकला जातो आणि मग बहुतेक जण एका बाजूला लोंढ्यासारखे घुसतात. नील यांची रचना 'टी'. तीत सूत्रधार खेळाडू अगदी पुढच्या फळीला खेटून उभा राहतो, चेंडू हातात घेतो आणि वळून एकाला देतो, दुसऱ्याला दिल्याचं नाटक करतो किंवा फेकतो. आपल्याकडच्या ढोल-ताशा पथकांचं उदाहरण घ्या. दोन पथकं एका मिरवणुकीत एकत्र केली, ढोल पुरेसे झाले, पण दोघांचे ठेके वेगळे. आवाज दुप्पट होईल, वादन होईलच असं नाही.

ते न झाल्याचा पुरावा दुसऱ्याच सामन्यात मिळाला. ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध स्टीगल्सच्या हातून चेंडू दहा वेळा निसटला. एका सामन्यात एका संघाकडून दहा वेळा, हा लीगचा विक्रम झाला. आणि तरीही ते २८-१४ असे जिंकले!

दिवसा कारखाना, रात्री सराव

स्टीगल्सच्या खेळाडूंना युद्धोपयोगी कारखान्यांत पूर्ण वेळ, आठवड्याला चाळीस तास, काम करणं बंधनकारक होतं. सकाळी उठून पाळीवर जायचं, संध्याकाळी सहाच्या सुमाराला मैदानावर यायचं आणि नऊपर्यंत एकमेकांना धडका द्यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भोंगा.

टेड डॉयल हा पिट्सबर्गचा धिप्पाड गडी तर फिलाडेल्फियात राहायलाच गेला नाही. पिट्सबर्गला वेस्टिंगहाऊसच्या कारखान्यात त्याची नोकरी होती. सामन्यासाठी तो तेवढा यायचा. दोन शहरांतलं अंतर सुमारे ४८० किलोमीटर, मुंबईहून बेळगाव गाठावं इतकं. आपण तिथे करत होतो ते काम अणुबॉम्बच्या प्रकल्पाशी जोडलेलं होतं, हे त्याला नंतर कळलं.

लढायला नापास, मग खेळायला पास कसे?

ही शंका सगळ्यात टोकदार, आणि तेव्हाच्या प्रेक्षकांच्या डोक्यात ती असणारच. मुलगा आघाडीवर असलेल्या आईला मैदानात धष्टपुष्ट तरुण धडका मारताना दिसतो, तेव्हा तिला काय वाटेल?

उत्तर असं, की सैन्याची कसोटी ताकदीची नव्हती, भरवशाची होती. टोनी बोवा एका डोळ्याने आंधळा होता, दुसऱ्यानेही त्याला नीट दिसत नव्हतं. असा माणूस रात्रीच्या पहाऱ्यावर उभा करता येत नाही. पण रविवारी दुपारी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी येणारा चेंडू तो झेलू शकत होता. त्या हंगामात स्टीगल्सकडून सर्वाधिक चेंडू त्यानेच झेलले. एड मायकेल्सला जवळजवळ ऐकू यायचं नाही, रे ग्रेव्ह्जचा एक कान गेलेला. व्हिक सिअर्सला पोटात अल्सर. जॅक हिंकलला तर अल्सरमुळेच सैन्यातून परत पाठवलं होतं. अल्सरवाल्याला पथ्याचं जेवण लागतं आणि खंदकात ते मिळत नाही. खेळाडू रात्री घरी जाऊन दूध-पाव खाऊ शकतो.

या युक्तिवादाने सगळ्यांचं समाधान झालं नाही. डिसेंबर १९४४ मध्ये सरकारनेच नापास ठरलेल्या व्यावसायिक खेळाडूंची फेरतपासणी करायला सांगितलं.

आणि एक बिल ह्यूइट. जुन्या काळातला नामांकित खेळाडू. निवृत्त झाला होता, माणसं नाहीत म्हणून परत आला. त्याची ख्याती अशी की तो शिरस्त्राण न घालता खेळायचा. नेमकं १९४३ मध्येच लीगने शिरस्त्राण सक्तीचं केलं. बिचाऱ्याने घातलं, पण त्याचं मन काही रमलं नाही. हंगाम अर्ध्यावर असतानाच तो निघून गेला.

निकाल काय लागला?

लोकांच्या अपेक्षेपेक्षा चांगला. पहिल्या सामन्यात ब्रुकलिन डॉजर्सवर १७-० असा विजय. पुढे बेअर्सकडून ४८-२१ असा सपाटून मार. डेट्रॉइटविरुद्ध ३५-३४. नोव्हेंबरअखेर वॉशिंग्टनवर २७-१४. शेवटचा सामना ग्रीन बे पॅकर्सशी होता. तो ते ३८-२८ असे हरले. जिंकले असते तर पूर्व गटात तीन संघ बरोबरीत आले असते.

हंगामअखेर पाच विजय, चार पराभव, एक बरोबरी. साधाच आकडा, पण ईगल्सच्या तोवरच्या इतिहासात पराभवांपेक्षा विजय जास्त असलेलं हे पहिलंच वर्ष होतं. हिंकलने चेंडू घेऊन ५७१ यार्ड धाव घेतली. लीगमधला पहिला क्रमांक न्यूयॉर्कच्या बिल पॅशलचा. त्याचे ५७२.

मग हा नुस्खा पुन्हा वापरला का?

वापरला, आणि हात पोळले. १९४४ मध्ये ईगल्सला आता जोडीदार नको होता, रॅम्स परत आले आणि बोस्टनचा नवा संघही आला. मोजा: अकरा. पुन्हा विषम. मग स्टीलर्सना या वेळी शिकागो कार्डिनल्सशी जोडण्यात आलं. अधिकृत नाव 'कार्ड-पिट'.

कार्डिनल्स आदल्या वर्षी दहाच्या दहा सामने हरले होते. दोन आजारी माणसं एका खाटेवर झोपवल्याने कुणी बरं होत नाही. कार्ड-पिटही दहाच्या दहा हरले. त्यांनी १०८ गुण मिळवले आणि समोरच्यांना ३२८ दिले. इंग्रजीत 'कार्ड-पिट' भरभर म्हटलं की 'कार्पेट' ऐकू येतं. ज्याने यावं त्याने तुडवून जावं, म्हणून लोकांनी तेच नाव ठेवलं. जॉन ग्रिगास हा त्यांचा एकमेव धड धावणारा गडी. लीगमध्ये धावण्याच्या यादीत वरच्या क्रमांकांवर असूनही शेवटच्या सामन्याआधी तो चिठ्ठी लिहून ठेवून घरी निघून गेला. त्याला दोष देणाऱ्याने आधी तो हंगाम खेळून पाहावा.

दोन्ही जोडण्यांत फरक काय? स्टीगल्समध्ये एका बाजूकडे चालणारा संघ होता, दुसरी बाजू त्यात मिसळली. संघाचं घर एक, सरावाचं मैदान एक, आक्रमणाचा ठेका एक. आकडा सम करण्यासाठी जोडलेल्या कार्ड-पिटमध्ये मिसळायचं कशात, हाच प्रश्न होता. १९४५ मध्ये ब्रुकलिन आणि बोस्टन जोडले गेले. त्यानंतर युद्ध संपलं आणि गरजही.

दुसऱ्या देशांनी काय केलं?

जर्मनीत शेजारशेजारचे क्लब 'युद्धकालीन संयुक्त संघ' या नावाखाली एकत्र खेळत, तो फुटबॉल आपल्या ओळखीचा, पायाचा. इंग्लंडने वेगळी वाट काढली. संघ जोडायचे नाहीत, खेळाडूलाच पाहुणा होऊ द्यायचं. ज्याची पलटण जिथे, तो तिथल्या क्लबकडून खेळणार. त्यामुळे लष्करी छावणीच्या गावातला ऑल्डरशॉट हा किरकोळ क्लब एकाएकी इंग्लंडच्या राष्ट्रीय खेळाडूंनी भरून गेला.

त्या पाहुणचाराचा एक फेरा थेट मुंबईपर्यंत आला. आर्सेनलकडून फुटबॉल आणि इंग्लंडकडून क्रिकेट खेळणारा डेनिस कॉम्प्टन सैनिक म्हणून इंदूरजवळ महूला होता. १९४५ च्या रणजी अंतिम सामन्यात तो होळकर संघाकडून ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध उतरला आणि नाबाद २४९ धावा करून गेला. सामना मात्र मुंबईनेच जिंकला.

विक्रम मग कुणाच्या खात्यात?

दोघांच्याही. ईगल्सच्या इतिहासात १९४३ समोर पाच विजय, चार पराभव, एक बरोबरी अशी नोंद आहे आणि स्टीलर्सच्या इतिहासातही नेमकी तीच. कार्ड-पिटचे दहा पराभव तसेच स्टीलर्स आणि कार्डिनल्स या दोघांच्या नावावर आहेत. म्हणून कुणी हिशेबी माणूस या लीगच्या सगळ्या संघांचे आजवरचे विजय एका रकान्यात आणि पराभव दुसऱ्या रकान्यात मांडून बेरीज करायला बसला, तर या दोन वर्षांपाशी विजय पाच जास्त निघतील आणि पराभव चौदा.